ओट्यावर विचारणारे किती?

कोकिळाचं लग्न ठरलं, शालू आणला, मांडवाचे बांबू सांगून झाले, आणि मग पुष्पाबाईंना शंका आली. बायकोच्या शंका नेहमी अशाच येतात, भाकर भाजून झाल्यावर पीठ चाळलं होतं का म्हणून विचारणाऱ्या, असं हिंमतरावांचं पक्कं मत होतं. पण ही शंका काही उगाच नव्हती. मुलगा निवृत्ती मेहकरकडचा, हिवऱ्याच्या अलीकडच्या गावचा. शेती बरी, वागणं बरं, आणि मुख्य म्हणजे कोकिळाला तो मनापासून आवडलेला. नाव निघालं की पोरगी उगाचच चुलीतली लाकडं पुढं-मागं करत बसायची. घोडं अडलं ते निवृत्तीच्या आईपाशी. सुभद्राबाई तान्ह्या असताना साथीच्या साली कोणी तरी त्यांना एका बाईच्या ओटीत घालून गेलं होतं, आणि आपलं खरं माहेर कोणतं हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं.

आणि त्याच साली पुष्पाबाईंच्या आईनंही एक तान्ही पोर कोणाला तरी दिली होती.

"तुमची बहीण असती तं काही म्हणनं नव्हतं," पुष्पाबाई म्हणाल्या. "आतेच्या घरी पोरगी द्याची चालच हाये. पन माही बहीण निघाली तं? ते दोघं मावसभाऊ-बहीण होतात नं हो! सख्ख्यावानी. तोंड कुठं दाखवाचं मंग?"

"निघाली तर, निघाली तर!" हिंमतराव वैतागले. "जिल्ह्यात हजार पोरी दिल्या असतील त्या साली."

"अवो, पिंपळगावच्या पुंजाजीले इचारून या नं. तेवढ्यानं माह्या जिवाले थंडावा वाटन."

हिंमतराव खामगावच्या टेलिफोन एक्स्चेंजात बोर्डावर बसत. महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली होती, गावात फोन मोजकेच, त्यातले निम्मे कापसाच्या व्यापाऱ्यांचे. कोणी कोणाशी काय बोलायचं हा त्यांचा विषय नव्हता. विचारणाऱ्याचं म्हणणं ऐकायचं, दोरीचं टोक नेमक्या भोकात घालायचं, बोलणं संपलं की ओढून काढायचं. काढायचं राहिलं की मागच्याचं बोलणं पुढच्याच्या कानात शिरतं आणि मग शिव्या बोर्डावरच्या माणसाला. या धंद्यात भुताखेतांना जागा नव्हती. कुठं खरखर आली तर तार सैल असते, एवढंच त्यांना माहीत होतं.

तरी ते गेले. बायकोचं मन मोडवत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मनातून तेही धास्तावलेच होते.

पुंजाजींनी जन्मभर वांगी-मिरच्यांची गाडी घेऊन बाजार केले. वांग्यांपेक्षा त्यांनी सोयरिकीच जास्त खपवल्या असं लोक हसून म्हणत. कोणाची आजी कोणत्या गावची, कोणाचं देवक कोणतं, कोणत्या घराशी कोणाचं पाणी तुटलं, सगळं म्हाताऱ्याच्या डोक्यात. कागद नाही, पेन्सिल नाही. पुढं त्यांना लकवा मारला, तोंड वाकडं झालं, वाचा गेली. राहिला घशातला एक हुंकार आणि उजव्या हाताचं एक बोट. त्या बोटानं ते खाटेच्या लाकडावर ठोके द्यायचे आणि ते ठोके समजायचे फक्त त्यांच्या विधवा सुनेला, सोजराबाईंना. लोकांचं येणं त्यामुळे थांबलं नाही. आता ते सोजराबाईंना विचारत, सोजराबाई म्हाताऱ्याला.

पिंपळगाव राजाच्या बाजारापलीकडं, मिरच्यांच्या वाफ्यांना लागून त्यांचं टिनाचं घर होतं. पुढं शेणानं सारवलेला लांब ओटा, बाजूला विहीर आणि एक कडुनिंब. हिंमतराव पोचले तेव्हा ओट्यावर तिघं-चौघं होते. आतून बाईमाणसाचा खणखणीत आवाज आला, "ओट्यावर इचारणारे किती?"

"चौघं!" कोणीतरी ओरडलं.

"पयले आलेलं पयले बोला. बाकीचे मुके."

हिंमतराव बघत बसले. पहिला बोलणारा गावभरचं सांगत होता. आमच्या चुलत सासऱ्याची ती गोरी पोरगी, तिच्या लग्नात बैल उधळला, तो बैल पुढं कोणी घेतला. सोजराबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यातून चारच गोष्टी उचलल्या: गाव, आडनाव, देवक, आजोळ. याच क्रमानं. मग त्या आत गेल्या, गोधडीतून म्हाताऱ्याचा हात बाहेर काढून खाटेच्या लाकडावर ठेवला आणि म्हणाल्या, "मामंजी, सोजरा इचारते." ठोके आले. बाहेर येऊन त्यांनी उत्तर साध्या शब्दांत सांगितलं आणि वर एक खूणही दिली, म्हणजे माणूस तोच की दुसरा हे विचारणाऱ्याला ताडून पाहता यावं. मग पुन्हा आत. "झालं मामंजी, मिटा आता." हात गोधडीत गेला. तेव्हा कुठं दुसऱ्याचा नंबर.

हे तर आमचं एक्स्चेंजच, हिंमतरावांना वाटलं, आणि त्यांना जरा मोकळं वाटलं.

त्यांची पाळी आली तेव्हा आजूबाजूला कोणी उरलं नव्हतं. त्यांनी आधी परीक्षा पाहिली. बुलढाण्याची एक बाई मनानंच रचून सांगितली. सोजराबाई आत जाऊन लगेच परत आल्या.

"भाऊ, तुमी बनवून सांगून राह्यले."

"काऊन? नाही म्हणाले का?"

"'नाई' म्हनले असते तं नातं नाई. पन ते गप बसले. गप म्हंजे असं मानूसच नाई." त्या रागावल्या नव्हत्या. "शिकलेले लोक एकडाव करतेतच. आता खरं सांगा."

मग हिंमतराव खजील होऊन खरं बोलले. आधी कोकिळाचं, गाव, आडनाव, देवक, आजोळ. मग निवृत्तीचं. त्याचं आजोळ तेवढं रिकामं, कारण तेच तर शोधायचं होतं. सोजराबाई आत गेल्या त्या बराच वेळ आल्या नाहीत. आतून ठोके ऐकू येत होते, थांबत नव्हते. आल्या तेव्हा पदरानं कपाळ पुसत होत्या.

"शोधून राह्यले. लय मागं गेले बापा आज. परवा येजा."

"हात आत घेतला का त्यांचा?" हिंमतरावांनी विचारलं. धंद्याची सवय.

"काम अर्धं असतानी कसा घेऊ?" त्या म्हणाल्या. "अन् तो उघडा असला की मी दुसऱ्याचं इचारत नाई. एकडाव चुकलं माह्याच्यानं. एकाच्या पोरीचं उत्तर दुसऱ्याच्या पदरात पडलं. त्याईनं लगन लावूनबी टाकलं, काय सांगू तुमाले!"

दोनच दिवसांत पुंजाजी गेल्याचा निरोप खामगावात आला.

पुष्पाबाईंनी कपाळावर हात मारला. "आता कोन सांगन वो माय!" पण माणूस गेलं म्हटल्यावर बसायला तर जायलाच हवं होतं. हिंमतराव एकटेच निघाले. वैशाखातली दुपार. एसटीच्या खिडकीतून फुफाटा येत होता, काळ्या रानाला भेगा पडल्या होत्या. पिंपळगावात उतरून ते त्या घराशी आले तर ओट्याच्या टोकाला एक बाई बसलेली. हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर, तोंड विहिरीकडं. शेजारीण असेल, दुखवट्याला आली असेल. तिचे पाय घोट्यापर्यंत ओले होते, ओट्यावर पाणी निथळत होतं. मिरच्यांना पाणी देऊन आलेली दिसते, असं म्हणून हिंमतरावांनी सहज विहिरीत डोकावलं. विहीर कोरडी होती, तळ दिसत होता.

आत सोजराबाई मोकळ्या खाटेपाशी बसल्या होत्या. रडून डोळे सुजलेले. हिंमतराव दारातच बसले, दोन शब्द बोलले. मग त्यांना तो आवाज ऐकू आला.

टक. टक-टक. टक.

"काल सांजेपासून हाये," सोजराबाई म्हणाल्या. "त्याईचा हात बाह्यरच राह्यला होता, भाऊ. मी घेतला नाई. तसंच नेलं त्याईले."

हिंमतराव उठले. त्यांनी खाट हलवून पाहिली, खालून पाहिली, लाकडावर नख ओढलं.

"भुंगा आहे. लाकूड पोखरतो. आमच्या बोर्डाच्या फळीत होता असाच."

"भुंगा थांबून थांबून बोलते का?"

शहाण्या माणसानं तिथंच नमस्कार करून उठावं. पण घरी कोकिळा होती, तिचा तो शालू होता, आठ दिवसांवर आलेली तारीख होती. एक शब्द मिळाला तर हवाच होता, मग तो माणसाकडून येवो की भुंग्याकडून. ते हळूच म्हणाले, "बाई, मग आमचं काही...?"

सोजराबाईंनी पदरानं डोळे पुसले. मग म्हणाल्या, "ओट्यावर जाऊन बसा. रीत ते रीत."

ते ओट्यावर येऊन बसले. आतून प्रश्न आला, तोच, नेहमीसारखा.

"ओट्यावर इचारणारे किती?"

हिंमतरावांनी त्या बाईकडं पाहिलं. ती हलली नाही. विचारायला आलेली असती तर बोलली असती. आणि असलीच विचारायला आलेली, तर तिची पाळी पहिली. मग तिचं आधी, ते कधी संपायचं, चारची गाडी चुकायची, आणि तो आवाज तोवर राहील याचा काय भरवसा?

"मी एकटाच!" ते म्हणाले.

आत ठोके सुरू झाले. या वेळी शोधाशोध नव्हती. उत्तर तयार असल्यासारखे सरळ एका दमात आले.

"नातं आड येत नाई," सोजराबाई दारात येऊन म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "सोयरीक खुशाल करा म्हन्ते. पोराकडची तयारी हाये. पोरगी त्याईले पसंत हाये. खूण, पोराच्या मायच्या डाव्या कानामागं भाजल्याचा डाग."

हिंमतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. हो, आलं. बाप होता तो.

ओट्याच्या टोकाची बाई उठली. एक अक्षर न बोलता मिरच्यांच्या वाफ्यांमधून चालत गेली. मनाजोगं काम झाल्यावर माणूस जसा निवांत चालतो तशी. हिंमतरावांनी निघताना नमस्कार केला, तशा सोजराबाई आत वळल्या आणि खाटेपाशी गेल्या. "झालं मामंजी," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा हात खाटेवर काही तरी चाचपत राहिला.

"मिटू कसं आता?" त्या म्हणाल्या. "आत घ्याले हातच नाई."

घरी आनंदीआनंद झाला. पुष्पाबाईंनी देवापुढं साखर ठेवली. खुणेचं ऐकून त्यांना हसूच फुटलं. "आता काय इहीनबाईचा पदर उचलून कान पाहू का मी? काहीच्या बाही!" कोकिळा दाराआडून ऐकत होती, तीही हसली.

लग्नाला दोन-तीन दिवस उरले असतील. हिंमतराव बोर्डावर होते. एका अडत्याला मुंबईचा भाव हवा होता, एका डॉक्टरांना अकोल्याहून निरोप. दुपारच्या घाईत एक दोरी ओढायची राहिली आणि अडत्याला रोग्याचं रक्त आणि डॉक्टरांना कापसाचा भाव ऐकू गेला. दोघांनीही यथेच्छ शिव्या दिल्या. हिंमतरावांनी माफी मागितली, दोरी ओढली, आणि ती हातात तशीच राहिली.

ती बाई त्यांच्या आधी बसली होती.

ती विचारायलाच आली असेल तर? म्हातारा लय मागं गेला होता, दोन दिवस सापडत नव्हतं, आणि मग उत्तर असं चटकन आलं. कोणाचं आलं? 'पोराकडची तयारी हाये' असं पुंजाजी कशाला सांगतील? निवृत्तीकडची तयारी तर आधीपासूनच होती. मग ही कोणत्या पोराकडची? आपण कोकिळाचं गाव, आडनाव, देवक, आजोळ सगळं तिथं सांगून आलो. हात उघडा होता.

"हट्," हिंमतराव स्वतःलाच म्हणाले. पण घरी आल्यावर त्यांनी बायकोला बजावलं, हसू नकोस, हळदीच्या वेळी विहीणबाईंचा कान बघून घे. पुष्पाबाई नवऱ्याचं तोंड बघून हसायच्या थांबल्या आणि बरं म्हणाल्या.

लग्नाच्या दिवशी सकाळीच ऊन तापलं. मांडवात पाण्याचे रांजण भरून ठेवले होते. वऱ्हाडाला पाय धुवायला मोठं घंगाळ दारात होतं. निवृत्तीकडचा ट्रक आला, वाजंत्री लागली. सुभद्राबाई बायकांसोबत उतरल्या, हातात पितळेच्या ताटात उष्टी हळद. नवरदेवाला लावून उरलेली हळद नवरीला लावायची, मग ती त्या घरची झाली. हिंमतराव पुढं झाले, हात जोडले. सुभद्राबाईंना घाम आला होता. त्यांनी पदर खाली घेतला आणि मान पुसली, आधी उजवीकडून, मग डावीकडून.

डाव्या कानामागं काही नव्हतं. स्वच्छ कातडी.

म्हणजे उत्तर आपलं नव्हतं. म्हणजे ही बाई पुष्पाची बहीण आहे की नाही, ते अजून कोणालाच माहीत नाही, आणि दारात वाजंत्री वाजतेय. आता थांबवायचं कसं आणि सांगायचं काय?

तेवढ्यात पुष्पाबाई लगबगीनं बाहेर आल्या. ताट बघून त्या गोंधळल्या.

"अवं इहीनबाई, पुन्हा कायले आनली हयद?"

"पुन्हा?" सुभद्राबाई म्हणाल्या. "आमी तं आत्ता उतरलो."

"सकाळी तुमच्याकडची बाई येऊन लावून गेली नं! मागल्या दारानं आली. मी पोह्याच्या घाईत होती, पोरीनंच सांगतलं मले."

हिंमतराव वळले आणि माजघर ओलांडून आत गेले.

कोकिळा पाटावर बसली होती. तोंड, हात, गळा हळदीनं माखलेला. पिवळ्या तोंडात डोळे तेवढे शांत. हळद अजून वाळली नव्हती. अशा उन्हात वाळली नव्हती.

"कोण होती ती बाई?" त्यांनी विचारलं.

"सासूबाईच होत्या की, बाबा."

"सासूबाई आत्ता उतरल्या."

कोकिळा जरा गोंधळली. "हिरवं लुगडं होतं. डोक्यावरून पदर, तोंड दिसलं नाई. मी आधी नाईच म्हनली होती. पन त्या वाकल्या तं कानामागं डाग दिसला. तुमी खूण सांगतली होती नं? म्हनून मंग मी बसली."

हिंमतराव तिच्याजवळ खाली बसले.

"हयद लय थंड होती, बाबा. विहिरीतून काहाडल्यावानी."

पाटाखालची जमीन ओली होती.

टक. टक-टक. टक.

कोकिळाचं उजव्या हाताचं बोट पाटावर वाजत होतं. तिचं तिकडं लक्ष नव्हतं.

हिंमतरावांनी तो हात धरला. गार पडला होता. त्यांनी तो शालूच्या पदराखाली घेतला, वर आपला हात दाबून ठेवला, आणि म्हणाले,

"झालं मामंजी. मिटा आता."

बोट थांबलं.

बाहेर सनई नव्यानं सुरू झाली होती. पुष्पाबाई कोणाला तरी घंगाळ दारात न्यायला सांगत होत्या, वऱ्हाडाचे पाय धुवायचे होते.

कोकिळानं मान वळवली. पुढच्या दाराकडं नाही, मागच्या.

"बाबा," ती म्हणाली, "मायले म्हना, पानी नको नेऊ. त्याईचे पाय ओलेच हायेत."